मुंगीच्या घराची कडी

सोमवार, ९ सप्टेंबर

पाळणाघर सुरू होऊन पंधरवडा झाला आणि अजून एकही मूल हरवलेलं नाही, एवढी नोंद करून ही दैनंदिनी सुरू करते. लेक फोनवर म्हणाली, "आई, तू दिवसभरातलं सगळं मला सांगत बसतेस आणि इकडे माझं काम खोळंबतं. लिहून ठेवत जा." बरं बाई, लिहिते.

मुलं पाच. शाळा सुटली की येतात, आईबाप कामावरून सुटले की जातात. खरी नावं चपलांबरोबर दाराशीच राहतात, आत मी ठेवलेली नावं चालतात. शिट्टीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे 'स' आला की वारा सुटतो. साहेब हात मागे बांधून चालतो आणि आल्या आल्या पंखा चालू आहे ना ते बघतो. दोन जुळ्या आहेत, त्यांना मी 'जुळ्या'च म्हणते, कारण कोणती कोण ते मला अजून कळत नाही आणि मला ते कळत नाही हे त्यांना कळलंय. आणि मुंगी. पाच पूर्ण झालीत, पण बघणाऱ्याला चारची वाटावी. मूर्ती लहान, पण प्रश्न विचारायला लागली की भल्याभल्यांना घाम फुटतो.

मुंगीची आई इस्पितळात परिचारिका आहे. तिची पाळी बदलेल तशी मुंगीला न्यायची वेळ बदलते. वडिलांचं विचारलं तर "बाहेरगावी असतात" एवढंच म्हणाली आणि पर्समध्ये किल्ली शोधायला लागली. किल्ली तिच्या हातातच होती.

हे निवृत्त झाल्यापासून स्क्रूड्रायव्हर घेऊन घरभर फिरत असतात. पाळणाघरामुळे त्यांना काम मिळालं, मला माणसं मिळाली. घर पुन्हा घरासारखं वाजायला लागलंय.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आज कागदाची घरं झाली. जुने पुठ्ठे, रद्दी आणि पातेलंभर खळ. खळ निम्मी घरांना लागली, निम्मी साहेबांच्या केसांना.

घरं झाल्यावर भांडण ठरलेलंच: कुणाचं घर उंच? शिट्टीनं आपलं घर उचलून स्टुलावर ठेवलं आणि म्हणाला, "सगळ्यात उंच माझंच." साहेब म्हणाले, "हे चालणार नाही." मग मी न्यायाधीश झाले. दोन नियम केले. एक, उंची बघायची तर सगळी घरं एकाच जमिनीवर हवीत. दोन, एकदा घर झालं की मोजणी होईपर्यंत दुसऱ्याच्या घराला कुणी हात लावायचा नाही. "आजीनं पण नाही?" मुंगीनं विचारलं. "आजीनं पण नाही," मी म्हटलं.

मोजायचं कशानं? या वयात सेंटिमीटर म्हणजे यांना खायचा पदार्थ वाटेल. मी युक्ती काढली: प्रत्येकानं आपल्या घराशेजारी उभं राहायचं आणि घर आपल्या अंगावर कुठवर येतं ते सांगायचं. घोट्याएवढं, पोटरीएवढं, गुडघ्याएवढं. शिट्टीचा मनोरा कमरेला लागला. जुळ्यांची घरं मांडीपर्यंत आली. साहेबांचं घर गुडघ्यापर्यंत, पण त्याला सात खिडक्या. मुंगीचं सगळ्यात बुटकं. तिच्या गुडघ्याखाली जुन्या जखमेची एक पांढरी खूण आहे, छप्पर बरोबर त्या खुणेला टेकलं.

घर म्हणावं तर खिडकी नाही, रंग नाही, भिंत एका अंगाला कललेली. पण दाराला कडी. तार वाकवून, मणी ओवून, चांगली सरकती कडी केली होती आणि ती बसवायला तिला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

"वर अजून एक मजला चढवू या का गं?" मी विचारलं.

"नको. मग कळणार नाही."

"काय कळणार नाही?"

ती कडी सरकवत बसली. पाचवीला पुजलेला हट्टीपणा, दुसरं काय. दर शुक्रवारी मोजणी करायची असं पोरांनी परस्पर ठरवून टाकलं. घरं काही वाढत नाहीत, असं मी सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

मुंगी आज बराच वेळ आमच्या पुढच्या दाराशी उभी होती. वरच्या कडीकडे बघत होती. मग टाचा उचलून हात वर केला. कडीच्या जरासा खाली राहिला.

"काय बघतेस?"

"सगळ्या घरांच्या कड्या सारख्याच उंच असतात का?"

"ज्याच्या त्याच्या सुताराच्या मर्जीवर असतं ते."

थोड्या वेळानं भाजी निवडत होते तिथे आली. "आजी, बाबा लांब असले तरी त्यांना कळतं का, आपण किती वाढलो ते?"

"न कळायला काय झालं? बाबांना सगळं कळतं."

खूश होऊन गेली. लेकरू वडिलांच्या आठवणीनं कासावीस होतं, आपण धीर द्यावा. तेवढं मला जमतं.

हे म्हणाले, "माहीत नाही तिथे असं ठासून बोलू नये." म्हणे! सगळं आयुष्य लोकांच्या विजेच्या मीटरमध्ये डोकं घालून काढलं, आकडा दिसल्याशिवाय हे बोलतच नाहीत.

सोमवार, १४ ऑक्टोबर

मुंगीची आई उशिरा आली. घरी सुतार आला होता म्हणाली. नवीन काही करताय का, विचारलं. "छे, दाराचं बारीकसं काम होतं," म्हणाली. दमलेली दिसत होती. चहा घे म्हटलं तर उभ्या उभ्याच प्यायली.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

आजचा विनोद: मुंगी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "आजी, मी लहान होत चाललेय."

"अगंबाई! माणसं मोठी होतात, तू उलटी निघालीस की काय?"

"खरंच. परवा माझं बोट लागत होतं. आता नाही लागत."

"कशाला?"

"असंच."

मी सगळ्यांना हे सांगितलं. शिट्टी इतका हसला की दूध नाकातून आलं. मुंगी नाही हसली. हसणं हे थट्टा कळण्यावर असतं, तिला अजून कळत नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

मोजणी. सगळ्यांची घरं होती तिथेच, आणि मुंगीची खूण मात्र छपरापेक्षा बोटभर वर! तिनं तीनदा उभं राहून पाहिलं. मग मला हात धरून ओढून नेलं आणि दाखवलं. एवढा आनंद या पोरीच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच पाहिला. खाली बसून तिनं घराला मिठी मारली, आणि नंतर शिट्टीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "मी लहान नाही होत. वाढतेय."

सगळे गेल्यावर हे घर हातात घेऊन म्हणाले, "अगं, पोर बोटभर नाही वाढली. खळ ओली होती, खालचा पुठ्ठा दबलाय. घर बसलंय."

मी म्हटलं, असू दे. कुणाला सांगू नका.

बुधवार, २० नोव्हेंबर

मी मोरीत, हे भाजीला गेलेले, आणि बाहेर येऊन बघते तर मुंगी चौरंगावर नाही, काही नाही, नुसत्या पायाच्या बोटांवर उभी आणि हात थेट कडीला! दोन बोटांनी कडी थोडीशी सरकलीसुद्धा. आणखी एका महिन्यात ही दार उघडून रस्त्यावर. समोरून गाड्या किती जोरात जातात! पाळणाघर चालवायचं म्हणजे डोळ्यात तेल घालून बसायचं, आणि मला डोळे दोनच.

बाहेर कुठे जायचं होतं, विचारलं. "कुठे नाही. उघडून बघायचं होतं," म्हणाली. काय बघायचं होतं ते नाही सांगितलं. तोंडाला कुलूप.

मुलं गेल्यावर ह्यांच्याकडून कडी वीतभर वर नेली. जुनी भोकं ह्यांनी पुट्टीनं बुजवून वर रंगाचा हातही मारला. कडी तिथे कधी होती हे शोधून सापडणार नाही. माणूस कमी बोलतो, पण काम चोख.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मुंगी आल्या आल्या दप्तर टाकून दाराशी गेली. टाचा उचलल्या. हात पोचला नाही. पुन्हा उचलल्या. मग आपल्याच हाताकडे उलटसुलट बघत राहिली.

"आजी, कडी वर गेली का?"

हो म्हटलं असतं तर का, कशाला, कुणी, सगळं पुराण सुरू झालं असतं. शिवाय ही पोर चिमणीएवढं खाते, डबा रोज अर्धा परत जातो. मला एकदम सुचलं. म्हटलं, "कडी कशी वर जाईल? तिला काय पाय आहेत? तूच जेवत नाहीस नीट, म्हणून पोचत नाहीस. पोटभर जेवलीस की पोचशील."

एका दगडात दोन पक्षी. दाराची काळजी मिटली आणि ताट चाटूनपुसून साफ! पोळी संपवली, भाजी संपवली, वर दूध मागितलं. हे समोर बसले होते. माझ्याकडे एकदा बघून उठून गेले.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

मुंगी नेमानं जेवते. जेवून झालं की दाराशी जाते, हात वर करते, परत येते. मग कोपऱ्यातल्या आपल्या कागदाच्या घराशी जाऊन उभी राहते आणि खूण बघते. तिथे मात्र तिचं समाधान होतं. शुक्रवारपर्यंत थांबायलाही ती तयार नसते, मोजणी रोज चालू.

आज तिच्या आईला मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं, की बघ कशी युक्ती केली, कडीला हात पोचेल म्हटलं आणि पोर जेवायला लागली. मला वाटलं आभार मानेल. तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "काकू, तिच्याशी कडीचं बोलू नका ना. प्लीज."

"का गं?"

"नका बोलू. बस्स."

आणि पोरीला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. कमाल आहे! हिच्या लेकीच्या अंगाला अन्न लागावं म्हणून आम्ही झटायचं, आणि बोलणीही आम्हीच खायची. मला राग आला, अजून आहे.

शुक्रवार, १३ डिसेंबर

उद्या पालकांना बोलावलंय. पोरांची गाणी होतील आणि कागदाच्या घरांची गल्ली दाखवायची. लांब बाकावर नाही, खाली जमिनीवर, म्हणजे नियम मोडायला नको. उंचीच्या क्रमानं मांडायची आणि प्रत्येकानं आपल्या घराशेजारी उभं राहायचं.

पण मुंगीचं घर बघवेना. पुठ्ठा दबून दबून पार खाली बसलंय, एक भिंत पोटातून फुगलीय. सगळ्यांचे आईबाप येणार, आणि ही एवढुशी पोर त्या एवढुशा खोपटाशेजारी शेवटी उभी राहणार. तिची आई अशी तोंडात मिठाची गुळणी धरलेली, वडील तर येणारच नाहीत. म्हटलं, निदान घर तरी चार लोकांत उठून दिसू दे.

मुलं गेल्यावर बसले. खालचा पुठ्ठा बदलला, भिंती ताठ केल्या, वर दोन मजले चढवले. कौलारू छप्पर केलं. दार तसंच ठेवलं, फक्त उंच घराला शोभेल असं जरा वर घेतलं आणि तिची कडी काळजीपूर्वक काढून पुन्हा त्यावर बसवली. आता शिट्टीच्या मनोऱ्याच्या खालोखाल हेच.

हे म्हणाले, "तिला विचारलंस?"

"विचारून कुणी गंमत करतं का?"

"तुझे हात शिवशिवतात," म्हणाले. "वाकडं काही दिसलं की तुला राहवत नाही."

लेकही हेच म्हणते. बापलेकीची हातमिळवणी आहे. उद्या पोरीचा चेहरा बघितला की कळेल दोघांना.

शनिवार, १४ डिसेंबर

पोरीचा चेहरा बघितला.

गाणी झाली, टाळ्या झाल्या, मी पडदा बाजूला केला. मुलं आपापल्या घरांकडे धावली. मुंगी तिच्या जुन्या जागेकडे गेली, शेवटच्या. तिथे साहेबांचं घर होतं. मग तिनं शोधलं आणि तिला ते दिसलं. कडीवरून ओळखलं. हळूहळू जवळ गेली, शेजारी उभी राहिली आणि खाली पायाकडे बघितलं. घर तिच्या कमरेला लागत होतं.

मी म्हणत होते, "अगं, बघ तरी किती उंच झालं तुझं घर!" सगळे हसत होते, कुणीतरी फोटो काढत होतं.

ती मोठ्यानं रडली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाली, "घर कसं उंच होईल? घरं वाढत नाहीत." मग माझ्याकडे बघितलं. "मी जेवले होते गं, आजी. सगळं जेवले होते."

आणि टेबलाखाली जाऊन बसली. मी खाली वाकून सांगितलं, की घर आजीनं वाढवलं, गंमत केली. तिला ते पटेना. तिनं मलाच समजावलं: दुसऱ्याच्या घराला कुणी हात लावायचा नाही, आजीनं पण नाही, असा नियम आहे. तेव्हा मी हात लावणं शक्यच नाही. "मीच कमी होतेय," म्हणाली. "अशीच कमी होत होत संपणार."

तिची आई टेबलाखाली शिरली, तिला उचलून छातीशी धरलं आणि तशीच बाहेर पडली. माझ्या डोळ्यांसमोरून तो चेहरा हलत नाही. नक्की काय बिघडलं तेच मला कळत नाही, पण माझ्या हातून बिघडलं एवढं कळतं.

सोमवार, १६ डिसेंबर

मुंगी आली नाही. फोन केला, आईनं उचलला नाही. शिट्टीनं विचारलं, "मुंगी संपली का?" त्याला रागावले. मग त्याला जवळ घेतलं, कारण तो थट्टा करत नव्हता.

मंगळवार, १७ डिसेंबर

दुपारी मुंगीची आई एकटीच आली. पोरीला शेजारणीकडे ठेवलं होतं. भांडायला आली असेल असं वाटलं आणि मी ऐकून घ्यायच्या तयारीत होते. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली.

"काकू, जाताना तिच्या बाबांनी तिला सांगितलं होतं, तुझा हात वरच्या कडीला पोचला ना, की दार उघड. मी बाहेर उभा असेन."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"त्यांना वाटलं असेल, पोर आहे, विसरेल. रडत होती म्हणून काहीतरी बोलले. तेव्हा ते परत येणार होतेसुद्धा, निदान मला तसं वाटत होतं. आता तिकडे त्यांनी दुसरा संसार थाटलाय. मला उन्हाळ्यातच कळलं."

"आणि हिला?"

"हिला कसं सांगू?" मग ओट्यावरचा पाण्याचा थेंब बोटानं पसरत म्हणाली, "तिचं बोट कडीला लागायला लागलं. मी सुतार बोलावून कडी वर नेली. ती झोपल्यावर भोकं बुजवली. दोनदा नेली काकू. पहिल्यांदा नेली तेव्हा वाटलं होतं, तेवढ्या वेळात धीर गोळा करीन. दुसऱ्यांदा नेली तेव्हा धीराचं नावच सोडलं होतं."

मी खाली बसले. ते सुताराचं काम, ते "परवा माझं बोट लागत होतं", ते कडीचं नका बोलू. सगळं माझ्याच हातानं मी या पानांवर लिहिलंय, आणि लिहिताना हसलेय. घरी कडी वर जात होती, इथे मी वर नेली, वर तूच जेवत नाहीस म्हणून सांगितलं. पोरीला खरं सांगणारी एकच वस्तू उरली होती, ते खोपट. ते मी नीट केलं.

तिला मी माझ्या कडीचं सांगितलं. रागावली नाही. म्हणाली, "म्हणजे आपण दोघींनी." त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर सोसलं असतं.

मी म्हटलं, कडी खाली आणू या. दोन्हीकडची.

"खाली आणली की ती दार उघडेल काकू. आणि बाहेर बघेल."

मला काहीच सुचेना. नेहमी सुचतं. शेवटी तीच म्हणाली, "आधी तुमच्याकडची आणा. मी बाहेर उभी राहते. निदान कुणीतरी असू दे."

गुरुवार, १९ डिसेंबर

काल ह्यांनी बुजवलेली भोकं पुन्हा कोरून काढली आणि कडी जुन्या जागी आणली. बुजवायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या कितीतरी पट लागला. मी कागदाच्या घराचे दोन्ही मजले उतरवले. छप्पर जुनंच होतं, फेकलं नव्हतं, तेच लावलं. भिंत मुद्दाम कललेली ठेवायला गेले, पण माझ्या हातून ती तिच्यासारखी कलेना.

आज इतर मुलांना सुट्टी दिली होती. मुंगीला आईनं आत सोडलं आणि स्वतः बाहेर थांबली. मी जमिनीवर तिच्यासमोर बसले.

"मुंगे, तुला एक सांगायचंय. तू कमी झाली नाहीस. कडी आम्ही वर नेली होती. आजोबांनी नेली, मी सांगितलं म्हणून. घरालाही मीच मजले चढवले."

"तू म्हणालीस, कडीला पाय नसतात."

"खोटं बोलले."

"आणि जेवत नाही म्हणून?"

"तेही खोटं."

"आणि हात लावायचा नाही, असं तूच म्हणाली होतीस."

"हो. मीच म्हणाले होते."

तिनं थोडा विचार केला. मग खरंखोटं स्वतः करायला घराशेजारी जाऊन उभी राहिली. छप्पर कुठे येतंय, खूण कुठे आहे. मी पुठ्ठा नवा घातला होता, त्यामुळे खूण छपराच्या अगदी किंचित वर होती, बोटभर नाही. "एवढंच?" म्हणाली. "एवढंच," मी म्हटलं. आता आणखी एक खोटं माझ्या तोंडून निघालं नसतं.

मग ती दाराकडे गेली. मला वाटलं घाई करेल. नाही केली. फ्रॉक नीट केला, केस मागे सारले. पाहुणे येणार असले की मुलं करतात तसं. टाचा उचलल्या. हात पोचला, चांगला पोचला. कडी सरकवली आणि दार ओढलं.

बाहेर आई उभी होती.

मुंगी आईकडे बघून हसली. मग एका बाजूला वाकून आईच्या मागे बघितलं. मग दुसऱ्या बाजूनं. मग रस्ता इकडून तिकडे बघितला. एक सायकलवाला जात होता, तो जाईपर्यंत थांबली.

"आई, मी पोचले," म्हणाली. "त्यांना सांगितलंस का?"

तिची आई पायरीवर बसली आणि तिला शेजारी बसवलं. ह्यांनी माझं कोपर धरून मला आत आणलं. दार उघडंच होतं. आम्ही स्वयंपाकघरात गॅस न पेटवता उभे राहिलो. बाहेरून फक्त आईचा आवाज येत होता, सलग, हळू. पोरीचा आवाज आला नाही. नंतर आला, पण तो मी लिहीत नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

मुंगी आता पुन्हा रोज येते. जेवते बरी, शिट्टीशी भांडतेही. प्रश्न कमी विचारते. काही विचारलंच तर मी उत्तर दिल्यावर एकदा ह्यांच्याकडे बघते, खरं आहे का म्हणून. हे मान हलवतात, तेव्हा तिला पटतं. मला याचं वाईट वाटतं, पण तक्रार कुणाकडे करू?

तिच्या घरचीही कडी खाली आली, आईनं सांगितलं.

आज मुलांनी मोजणीचा हट्ट धरला. घरं मांडली. शिट्टीचा मनोरा आता त्याच्या कमरेच्या खाली आलाय, त्यावरून त्यानं घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, "मुंगे, तुझं?"

"माझं नको," म्हणाली, आणि जुळ्यांच्या खिडक्या रंगवायला बसली.

लेकीला फोनवर सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिनं कामाचं नावही काढलं नाही. मग म्हणाली, "आई, दाराचं काय करणार मग? मुलं बाहेर जातील ना." मी म्हटलं, दाराशी खुर्ची टाकून मीच बसते. आधीही तेवढंच करायला हवं होतं.

तिथेच बसून हे लिहितेय. कडी माझ्या डोक्याशी आहे. मुंगी चपला घालायला, काढायला, दप्तर ठेवायला दिवसातून कितीदा तरी इथून जाते. टाचा उचलल्या की हात सहज पोचेल. ती वर बघत नाही.